औषध तेच, मग तुमचंच सोयाबीन पिवळं का?

भाऊ, तुम्ही आणि धुऱ्यापलीकडच्यांनी इमॅझेथापायर हे तणनाशक एकाच दिवशी, एकरी 400 मिलीनेच मारलं. त्यांचं सोयाबीन हिरवं, तुमचे शेंडे पिवळे. औषध बनावट होतं का, असं तुम्ही विचारता. पण तुमच्या पंपात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशकही होतं आणि खालच्या अंगाला दोन दिवस पाणी तुंबलं होतं, हेही तुम्हीच लिहिलंय. माझ्या मते उत्तर तिथंच आहे.

तणनाशक पिकात शिरतच नाही, हा समज पहिले काढून टाका. तणात शिरतं तसंच ते सोयाबीनमध्येही शिरतं आणि एएलएस नावाच्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवतं. ते अडलं की व्हॅलीन, ल्युसीन, आयसोल्युसीन ही अमिनो आम्लं तयार होत नाहीत. कोवळ्या शेंड्याला ती सर्वांत जास्त लागतात, म्हणून पिवळेपणा तिथूनच सुरू होतो.

सोयाबीन वाचतं ते औषध पचवतं म्हणून. सायटोक्रोम पी-450 गटातली विकरं आधी औषधाच्या रेणूला ऑक्सिजन जोडतात. दुसरी विकरं त्या जागी ग्लुकोज चिकटवतात. मग तो निकामी माल पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडला जातो. झाडाला लघवी नाही, त्यामुळे घाण आतच कुठंतरी बंद करून ठेवावी लागते. तणाला हे वेळेत जमत नाही, म्हणून ते मरतं. आपली ज्वारी ॲट्राझीन हे तणनाशक सोसते तेही पचवूनच, फक्त तिथं मुख्य काम ग्लुटाथायोन नावाचा रेणू जोडणाऱ्या विकरांचं. सोयाबीनला मात्र ॲट्राझीन झेपत नाही.

आता तुमची चूक. क्लोरपायरीफॉस, मॅलाथिऑनसारखी ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकं याच पी-450 विकरांना अडवतात. त्यात मुळं पाण्यात गुदमरलेली, म्हणजे पचन आधीच मंद. मीही एका वर्षी मजुरी वाचवायला असंच मिश्रण मारलं होतं. पंधरा दिवस पीक जागचं हललं नाही, रोज वावरात जाऊन जीव तुटायचा.

आता चर काढून पाणी काढा. वापसा आला की हलकी डवरणी द्या. शेंडा सावरेपर्यंत दुसरं तणनाशक मारू नका. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत नवं पान हिरवं येतं, तेवढ्यासाठी पीक मोडू नका. पुढच्या वर्षी अळीची फवारणी वेगळी करा, मधे आठेक दिवस जाऊ द्या.