आर्सेनलचा सगळ्यात भारी स्ट्रायकर कोण? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही थिएरी हेन्रीला लंडनच्या आर्सेनल क्लबचा आजवरचा एक नंबर स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारा पुढचा खेळाडू, म्हटलं आणि पुढे गेलो. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : आमच्या घरी शनिवारी मॅच लागली की हाच वाद. मोठा भाऊ म्हणतो इयन राइटच भारी, कारण मॅचमागे गोल काढले तर तो हेन्रीच्या पुढे आहे. मी हेन्रीवाला. भावाला काय सांगू? (सिडको)

पहिलं म्हणजे भावाचं गणित बरोबर आहे हे मान्य कर. हेन्रीचे 377 मॅचमध्ये 228 गोल, राइटचे 288 मध्ये 185. भागाकार केला की राइट थोडा वरच निघतो. आणि खरं सांगायचं तर राइटची बाजू याहूनही मजबूत आहे, फक्त लोक ती नीट मांडत नाहीत. तो सप्टेंबर 1991 मध्ये क्रिस्टल पॅलेसकडून 25 लाख पाउंडांत आला तेव्हा जवळजवळ 28 वर्षांचा होता, म्हणजे जे वय स्ट्रायकरचं ऐन भरातलं त्यात तो या क्लबमध्ये नुसता पाय ठेवत होता, आणि प्रोफेशनल तर तो झालाच एकविशीनंतर, त्याआधी मजुरीची कामं करून रविवारी मैदानावर खेळणारा पोरगा. त्यात टीम कुठली, तर मॅनेजर जॉर्ज ग्रॅहमची, जिचा सगळा जीव गोल न खाण्यात. 1992-93 च्या लीगमध्ये आर्सेनलने 42 मॅचमध्ये फक्त 40 गोल केले, त्यातले 15 एकट्या राइटचे. त्याला बॉलच कमी मिळायचा आणि तरी हा माणूस लागोपाठ सहा सीझन क्लबचा टॉप स्कोअरर.

तरी मी हेन्रीच म्हणतो, आणि ते 228 या आकड्यामुळे नाही. 2002-03 चा लीग सीझन बघ, 24 गोल आणि 20 असिस्ट, म्हणजे गोलाआधीचे पास. गोल करणारे पुष्कळ झाले रे, पण लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून वर 20 गोल दुसऱ्यांना करून देणं, हे त्या काळी कुणी स्ट्रायकरकडून मागतही नव्हतं. तो बॉक्समध्ये उभाच राहायचा नाही. डावीकडे लाइनजवळ सरकायचा, मग समोरच्या टीमचा राइट बॅक आणि एक सेंटर बॅक असे दोघं त्याच्या मागे खेचले जायचे, आणि मधे जी मोकळी जागा पडायची तिथे आर्सेनलचाच पिरेस नाहीतर ल्युंगबर्ग घुसायचा. म्हणजे त्याने गोल नाही केला तरी गोल त्याच्यामुळेच व्हायचा. राइट मिळालेल्या संधीचं सोनं करायचा, हेन्रीमुळे अख्ख्या टीमचा खेळ बदलला. माझ्यासाठी फरक हा आहे.

भावाला 9 एप्रिल 2004 ची लिव्हरपूलची मॅच दाखव. त्याच आठवड्यात आर्सेनल एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेतून मँचेस्टर युनायटेडकडून आणि युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमधून चेल्सीकडून बाहेर पडलेली, आणि तेव्हाच्या घरच्या हायबरी मैदानावर हाफटाइमला 1-2 ने मागे. लीगमध्ये तोवर एकही मॅच हरले नव्हते, तेही जातंय असं वाटत होतं. पिरेसने बरोबरी केली आणि लगेच हेन्रीने अर्ध्या लाइनच्या आसपास बॉल घेतला, लिव्हरपूलच्या हामानला मागे टाकला, त्यांचा कॅराघर समोर आला तो वळता वळता स्वतःच्याच माणसात अडकला, आणि हेन्रीने पळता पळता बॉल आतल्या पायाने कोपऱ्यात ठेवला. नंतर अजून एक, हॅटट्रिक, 4-2. तो सीझन 38 मॅच, 26 विजय, 12 ड्रॉ, पराभव शून्य असा संपला. त्या दिवशी हेन्री नसता तर असा संपला असता का, हे भावालाच विचार.

प्रश्न : तुम्हा तरुण मंडळींचा फुटबॉल 1992 ला प्रीमियर लीग आली त्यानंतर सुरू होतो. टेड ड्रेकचं नाव तरी ऐकलंय का? (गंगापूर रोड, निवृत्त शिक्षक)

सर, ऐकलंय, आणि तुम्ही हा प्रश्न विचारलात म्हणून मनापासून आनंद झाला. ड्रेकचे 184 मॅचमध्ये 139 गोल, हे प्रमाण हेन्री आणि राइट दोघांच्याही वर आहे. 1934-35 मध्ये लीगचे 42 गोल, क्लबचा तो रेकॉर्ड आजही तसाच उभा आहे. आणि 14 डिसेंबर 1935 ला अ‍ॅस्टन व्हिलाच्या घरच्या मैदानावर, गुडघ्याला पट्टी बांधून, आर्सेनलचे सातही गोल एकट्याने. स्कोअर 7-1. पुढे 1936 च्या एफए कप फायनलचा एकमेव गोलही त्याचाच.

फक्त एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 1925 ला ऑफसाइडचा नियम सैल झाला, पुढे समोरच्या टीमचे तीनऐवजी दोनच खेळाडू असले तरी चालायला लागलं, आणि त्यानंतरची काही वर्षं इंग्लंडमध्ये गोलांचा नुसता पाऊस होता. म्हणून त्या काळचे 42 आणि हेन्रीचे 2003-04 चे लीगमधले 30 एका तागडीत टाकता येत नाहीत. पण युद्धाने त्याची जी वर्षं खाल्ली त्याचं मला खरंच वाईट वाटतं सर, 1939 ला तो 27 वर्षांचा होता, आणि नंतर पाठीच्या दुखापतीने खेळच संपवला. ती वर्षं मिळाली असती तर कदाचित हा सगळा वाद त्याच्याच नावाभोवती चालला असता. माझ्या यादीत हेन्री, राइट आणि तिसरा ड्रेक. क्लिफ बॅस्टिनचे 178 गोल ड्रेकपेक्षा जास्त, पण तो डावीकडचा विंगर, त्याला स्ट्रायकरांत धरत नाही.

प्रश्न : आणि बर्गकँप? (पंचवटी)

बर्गकँप मला या सगळ्यांपेक्षा जास्त आवडतो. पण 423 मॅचमध्ये 120 गोल, तो स्ट्रायकरच्या मागे खेळणारा माणूस. त्याची तुलना दहा नंबरवाल्यांशी, म्हणजे मागून खेळ रचणाऱ्यांशी करा, तिथे तो कुणालाही ऐकत नाही.

प्रश्न : हेन्री मोठ्या फायनलमध्ये गायब व्हायचा, यावर कुणी बोलत का नाही? (सातपूर)

बोलूया ना. एफए कपची एकही फायनल नाही जिथे त्याने आर्सेनलसाठी गोल केला. युरोपातल्या फायनलमध्येही नाही. 17 मे 2006, पॅरिस, बार्सिलोनाविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल, आपला गोलकीपर लेहमनला अठराव्या मिनिटालाच रेड कार्ड, तरी कँपबेलच्या हेडरने आर्सेनल पुढे, आणि दुसऱ्या हाफमध्ये हेन्री बार्सिलोनाचा गोलकीपर वाल्देससमोर एकटा. तो गोल गेला असता तर 2-0. वाल्देसने अडवला, नंतर बार्सिलोनाच्या एटो आणि बेल्लेतीचे गोल, खेळ खल्लास. उलट राइटने 1993 ची एफए कप फायनल आणि ती बरोबरीत सुटल्यावर पुन्हा खेळलेली रिप्ले, दोन्हीत गोल केला. हा मुद्दा राइटवाल्यांचा सगळ्यात जड मुद्दा आहे, अ‍ॅव्हरेजपेक्षा कितीतरी जड.

पण त्याच 2006 च्या फायनलपर्यंत टीम पोचली कशी तेही बघा. रेआल माद्रिदच्या बर्नाबेऊवर मधल्या लाइनपासून चौघांना चुकवत एकट्याने मारलेला तो गोल, तोवर तिथे रेआलला कुठल्याच इंग्लिश क्लबने हरवलं नव्हतं. आणि दहा माणसांत वरती एकटं पळून पळून थकलेल्या माणसाने एक चान्स घालवला, त्यावरून आठ सीझन कमी करायला मी तयार नाही. दुःख आहे, ते आजही आहे.

प्रश्न : व्हॅन पर्सी यादीत का नाही? (कॉलेज रोड)

132 गोल, 2011-12 मध्ये लीगचे 30, क्वालिटीबद्दल शंका नाही. पण दुखापतींमुळे पूर्ण हातात आला असा सीझन जवळजवळ एकच, आणि तो संपताच 2012 ला थेट कट्टर प्रतिस्पर्धी मँचेस्टर युनायटेडकडे. हेन्रीही 2007 ला गेला, पण बार्सिलोनाला. या दोन जाण्यात फरक आहे आणि तो आर्सेनलवाल्याला समजवावा लागत नाही.

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे, फॉरवर्ड खेळते. ‘क्लबचा सर्वश्रेष्ठ स्ट्रायकर’ म्हणताना सगळे फक्त पुरुषांचीच नावं का घेतात? (नाशिकरोड)

रास्त प्रश्न आहे ताई, आणि त्यामुळे हे उत्तर बाकीच्यांनीही वाचावं. व्हिव्हियान मिडेमा 2017 ला आर्सेनलला आली, 2024 ला गेली, मधे 172 मॅचमध्ये 125 गोल. हे प्रमाण हेन्री, राइट दोघांच्या पुढे. 2018-19 ला 20 मॅचच्या लीगमध्ये तिने 22 गोल केले आणि क्लब लीग जिंकला. 1 डिसेंबर 2019 ला ब्रिस्टल सिटीला 11-1 ने हरवलं त्यात हिचे सहा गोल आणि चार असिस्ट, म्हणजे अकरातल्या दहा गोलांत हिचा पाय. आणि ही नुसती गोल मारणारी नव्हे, मागे येऊन खेळ रचणारी, म्हणजे हेन्रीबद्दल मी वर जे म्हटलं तेच हिलाही लागू होतं. लीगची ताकद, समोरच्या टीममधला फरक हे मुद्दे निघतील, निघू देत, ड्रेकच्या वेळीही आपण काळ बघूनच बोललो. तिचं नाव हेन्रीच्या शेजारी घ्यायचं, खाली नाही. आणि तू तिचा पहिला टच बघ, बॉल पायात यायच्या आधी तिची मान दोनदा वळलेली असते.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा, महात्मानगरच्या मैदानावर खेळतो. स्ट्रायकर व्हायचंय म्हणतो. हेन्रीचे व्हिडिओ दाखवू की राइटचे? (महात्मानगर)

आधी राइटचे. हेन्रीचा वेग मुलाला देता येत नाही, पण राइटची घाई शिकवता येते. तो बॉल सेट करत बसायचा नाही, गोलकीपर पाय रोवायच्या आत मारायचा, आणि कीपर जरा पुढे दिसला की त्याच्या डोक्यावरून उचलायचा. एक टच, फार तर दोन, आणि शॉट. हे आधी अंगात बसू दे. मग हेन्रीचा तो नेहमीचा गोल : डावीकडून तिरकं आत यायचं, कंबर उघडायची, आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूने लांबच्या पोस्टच्या आत बॉल वळवायचा. सुरुवातीला कीपरशिवाय, दोन शंकू ठेवून, चालत चालत. जोर लावू देऊ नका, तो मारायचा बॉल नाही, ठेवायचा आहे. आणि मुलगा डावखुरा असेल तर हेच सगळं उजवीकडून करून घ्या.