गिटारींसाठी पक्की खोली बांधावी का?

सांगलीच्या शामरावनगरातील एका वाचकांनी सविस्तर पत्र पाठवले आहे. वय ४७, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात अध्यापन, पत्नी गृहिणी, मुलगी दहावीत. गेल्या बावीस वर्षांत त्यांनी अकरा गिटारी आणि एक मिरजेचा तंबोरा जमवला असून आजच्या बाजारभावाने या सगळ्यांची किंमत ते चौदा लाख रुपये धरतात. दिवाळीच्या सुटीत शेजारच्या बंद घरात घरफोडी झाली आणि तेव्हापासून त्यांना झोप लागत नाही. जिन्याखालच्या खोलीला पोलादी दरवाजा, आतून लोखंडी पत्रा, सायरन आणि आठ कॅमेरे बसवण्याचा ४ लाख ६० हजार रुपयांचा अंदाज त्यांनी घेतला आहे. फॅब्रिकेटरला वीस हजार रुपये आगाऊही दिले आहेत. उरलेली रक्कम सहा लाखांची मुदत ठेव मोडून द्यावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात चोरीची भीती दिसली आणि दुसऱ्या वाचनात तिसऱ्या पानावरचे एक वाक्य दिसले, जे आपण जाता जाता लिहून गेला आहात: ‘२०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावर दोन फूट पाणी होते.’ माझ्या उत्तराचा मोठा भाग या वाक्यावर उभा आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तर धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. २०२१ मध्ये शहरात पुन्हा पाणी शिरले, आणि २००५ चा पूर तर आपल्या पिढीने पाहिलेलाच आहे. शामरावनगरात पूर नसतानाही जोराच्या पावसात पाणी तुंबते, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. अशा घरात चौदा लाखांची लाकडी वाद्ये तळमजल्यावर, जिन्याखाली, पत्र्याने बंद केलेल्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारच्या खोलीत ठेवायची, म्हणजे क्वचित येऊ शकणाऱ्या चोराला अडवण्यासाठी ती हमखास येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर नेऊन ठेवायची. त्यामुळे पहिला सल्ला स्पष्ट शब्दांत देतो. ही खोली या जागी बांधू नका, आणि तिच्यासाठी ठेव तर मुळीच मोडू नका.

महापूर ओसरल्यानंतर खणभागातील एका ओळखीच्या घरी मी गेलो होतो. पलंगाखाली ठेवलेला तंबोरा त्यांनी अंगणात खाटेवर टाकला होता. भोपळा सांध्यावर उकलला होता, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) फुगून वर आली होती आणि आत सुकलेला गाळ वाद्य हलवले की वाळूसारखा खुळखुळत होता. त्या घरातून चोराने काहीही नेलेले नव्हते, तरीही वाद्य गेलेच होते.

आता पैशांकडे येऊ. आपला मासिक घरखर्च ६५ हजार रुपये आहे, असे आपण लिहिता. म्हणजे सहा महिन्यांच्या खर्चासाठी ३ लाख ९० हजार हाताशी हवेत, आणि आज ते या एकाच ठेवीत आहेत. आगाऊ दिलेले वीस हजार वगळता ठेवीतून ४ लाख ४० हजार गेले तर १ लाख ६० हजार उरतात, म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांचा खर्च. विनाअनुदानित महाविद्यालयात पगार दोन-तीन महिने लांबणे ही नवलाची गोष्ट नाही, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असेल. घरात मिळवते आपण एकटेच आहात आणि तीन वर्षांच्या आत मुलीच्या प्रवेशाचा खर्च समोर येणार आहे. शिवाय सात टक्के व्याज धरले तर ४ लाख ४० हजारांवर वर्षाला ३० हजार ८०० रुपये मिळतात, आणि हीच रक्कम पाच वर्षे व्याजासह तशीच राहिली तर सुमारे ६ लाख १७ हजार होते. खोलीची खरी किंमत ती आहे. मुदतीआधी ठेव मोडल्यास बँक व्याजात जी कपात करते ती वेगळी.

‘ही गुंतवणूकच आहे, तिचे रक्षण करायला नको का?’ असे आपण विचारता. मी आदरपूर्वक असहमत आहे. बावीस वर्षांत आपण एकूण ६ लाख ८० हजार दिलेत आणि आज किंमत चौदा लाख आहे, हे खरे असेल. पण चौदा लाख ही आज त्याच गिटारी नव्याने घ्यायला लागणारी किंमत आहे, विकताना हातात येणारी नव्हे. सांगलीत साडेतीन लाखांची गिटार विकत घेणारा माणूस शोधून सापडणे कठीण. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत किंवा बेंगळुरूत असते, आणि ते घासाघीस करूनच घेते. विम्यासाठी नव्या खरेदीची किंमत धरावी, निवृत्तीच्या हिशेबात मात्र या वाद्यांसाठी शून्य धरावे, अशी माझी शिफारस आहे. त्यामुळे वाद्यांवरचे आपले प्रेम तसूभरही कमी होत नाही, आणि हिशेबही खरा राहतो.

आपण पाठवलेली यादी मी किमतीच्या उतरत्या क्रमाने मांडून पाहिली. गिब्सन लेस पॉल, मार्टिन डी-२८ आणि अमेरिकन बनावटीची फेंडर स्ट्रॅटोकास्टर या तीन गिटारींचीच किंमत साडेआठ लाख होते. बाकी आठ गिटारी आणि तंबोरा मिळून साडेपाच लाख. म्हणजे आपला प्रश्न बारा वाद्यांचा नसून मुख्यतः तीन वाद्यांचा आहे, आणि तीन वाद्यांसाठी खोली लागत नाही, एक कपाट पुरते. वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या पावसाची झड न लागणाऱ्या आतल्या भिंतीला, तीन केस उभ्या राहतील एवढे जाड पत्र्याचे कपाट करून घ्यावे आणि ते आतून अँकर बोल्टने भिंतीत व जमिनीत बसवावे. विटांची भिंत पोकळ वाजत असेल तर बोल्ट कॉलममध्ये घ्यावेत. कपाटाला बाहेरून साधा लाकडी दरवाजा असेल तर उत्तम, कारण पोलादी दार आणि आठ कॅमेरे लांबूनच सांगतात की इथे काहीतरी दडवलेले आहे.

कपाट पूर्ण हवाबंद मात्र करू नका. गिटारीच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात आपल्याकडे ती याच्या बरीच वर जाते, आणि एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की मार्टिनसारख्या भरीव लाकडाच्या गिटारीला चीर पडू शकते. आत एक लहान आर्द्रतामापक आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पाकिटे ठेवावीत, ती महिन्यातून एकदा वाळवून घ्यावीत. फोमची गादी किंवा रबर लावणार असाल तर आधी सुती कापडाने झाका, कारण गिब्सनच्या लाकडावरच्या चकचकीत लेपावर (नायट्रोसेल्युलोज लॅकर) काही प्रकारचे रबर आणि फोम कायमचे डाग पाडतात.

चोरीबद्दलही सांगायलाच हवे, कारण आपली भीती खोटी नाही. आपल्या पत्राप्रमाणे शेजारच्या घरात चोर मागच्या दाराने आला, आणि आपल्याही मागच्या दाराला प्लायवूडची एकच फळी आणि एक कडी आहे. मग पहिला खर्च तिथे व्हावा, हे उघड आहे. ग्रीलचा सेफ्टी दरवाजा, चौकटीत खोल जाणारे चांगले कुलूप आणि मागच्या बोळात उजेड, एवढ्याने गिटारींबरोबर पत्नीचे दागिने, मुलीचा लॅपटॉप आणि रात्रीची झोप, सगळ्यांचेच रक्षण होते. पक्की खोली केली असती तर चोर घरात शिरलाच असता, फक्त त्या खोलीपाशी थांबला असता.

त्याहून मला काळजी वाटते ती दारातून सरळ येणाऱ्यांची. आपण रविवारी मुलांना घरी शिकवता, जुनी वाद्ये विकायची जाहिरात देता तेव्हा अनोळखी लोक पाहायला येतात, आणि पूर्ण भिंतीवर टांगलेल्या संग्रहाचे फोटो घराच्या परिसरासह समाजमाध्यमांवर आहेत. तीन लाखांची गिटार आणि आठ हजारांची गिटार यांतला फरक साध्या घरफोड्याला कळत नाही. तो या लोकांपैकी एखाद्याला कळतो. फोटो काढून टाकावेत, विक्रीची भेट घराबाहेर ठरवावी आणि शिकवणीच्या वेळी कपाट बंद असावे. हे सगळे फुकट आहे. विम्याच्या दृष्टीनेही हे फार महत्त्वाचे आहे, कारण घरफोडीचा विमा सहसा दार-खिडकी फोडल्याची खूण मागतो. उघड्या दारातून कोणी गिटार उचलून नेली, तर भरपाई मिळणे अवघड.

विम्याबद्दल थोडे थांबून लिहितो. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देतात. घराचा विमा घेतला की त्यातील सामानाला घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. त्याहून अधिक हवे असेल तर सामानाची यादी देऊन वाढवता येते. आग, वीज, वादळ, भूकंप आणि पूर यांचे नुकसान तीत येते, म्हणजे आपल्या घराचा सर्वांत खरा धोका तीत येतो. मात्र चोरीच्या बाबतीत पुष्कळांचा गैरसमज आहे. या मूळ पॉलिसीत चोरी येते ती केवळ अशा आपत्तीमुळे, तीनंतरच्या सात दिवसांत झालेली. पूर आला, आपण घर सोडले आणि मागे कोणी सामान नेले, तर भरपाई मिळते. दिवाळीत कुलूप फोडले तर मिळत नाही. त्यासाठी घरफोडीचे संरक्षण वेगळे जोडून घ्यावे लागते.

कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात. गिटारी सामान्य घरसामानात धरणार की मौल्यवान वस्तूंत, हे पहिले, कारण मौल्यवान वस्तूंसाठी कलम वेगळे असते आणि मोठ्या किमतीला मूल्यांकनाचा दाखला लागतो. घर सलग किती दिवस बंद राहिले तर घरफोडीचे संरक्षण थांबते, हे दुसरे. आणि आपण शिकवणीचे शुल्क घेता, तर वाद्ये व्यावसायिक वापराची मानणार का, हे तिसरे. ही गोष्ट प्रस्तावात लपवू नका. दाव्याच्या वेळी ती बाहेर आली तर सगळेच हातचे जाते. पुण्याच्या कार्यक्रमांना आपण लेस पॉल घेऊन जाता, हेही सांगा. घराचा विमा उंबरठ्यापाशी संपतो, आणि गिब्सनची मान तर नुसती केस आडवी पडली तरी डोक्यापाशी तुटू शकते. त्या एका गिटारीसाठी बाहेरच्या प्रवासाचे व अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण मिळते का, हे विचारून पाहणे योग्य ठरेल. सगळे मिळून हप्ता विमामूल्याच्या एक टक्क्यापर्यंत गेला, तरी तो वर्षाला चौदा हजार होतो, म्हणजे ठेवीवरच्या त्या व्याजाच्या निम्म्याहून कमी. तीन कंपन्यांची कोटेशने घेतल्याशिवाय सही करू नका.

साताऱ्यातील माझ्या एका अशिलाच्या घरी, ते यात्रेसाठी गावी गेले असताना, हार्मोनियम आणि दोन गिटारी चोरीला गेल्या. विमा होता, एफआयआर झाला, पंचनाम्यात फुटलेला कोयंडाही नोंदला गेला. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पावती मागितली तेव्हा त्यांनी उरलेल्या रिकाम्या केसच्या खिशातून जपून ठेवलेला कागद काढला. तो कोरा होता. थर्मल कागदावरची अक्षरे सात वर्षांत उडून गेली होती, आणि गिटारीचा क्रमांक त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. भरपाई मिळाली, पण मागितलेल्या रकमेच्या निम्मीही नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक संग्राहकाला आधी वही करायला लावतो.

आपणही ती या आठवड्यात करा. गिब्सनचा क्रमांक डोक्याच्या मागच्या बाजूला असतो, नव्या अमेरिकन फेंडरचाही सहसा तिथेच, आणि मार्टिनचा आतल्या ठोकळ्यावर. आवाजाच्या छिद्रातून टॉर्च मारली की वाचता येतो. प्रत्येक गिटारीचा पुढून, मागून, क्रमांकाचा आणि तिच्या खास ओरखड्यांचा फोटो घ्या. पावत्यांच्या छायाप्रती काढा. हे सर्व घराबाहेरही, ईमेलमध्ये किंवा भावाकडे, एक प्रत राहील असे पाहा. तंबोऱ्यावर क्रमांक नसतो, म्हणून मिरजेतील ज्या कारागिराकडून तो घेतला त्यांच्याकडून वर्णन आणि किमतीचा सहीचा कागद घ्यावा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा मूळ ठिकाणाची नोंद त्या कागदावर जरूर असावी. ही वही पत्नीलाही दाखवा. उद्या आपल्याला काही झाले, तर भिंतीवरची कोणती गिटार साडेतीन लाखांची आणि कोणती आठ हजारांची, हे त्यांना आज सांगता येणार नाही, आणि सांत्वनाला आलेला एखादा ‘जाणकार’ ती सहज पाच हजारांत घेऊन जाईल.

माझ्या अंदाजाने मागचा दरवाजा, वरचे कपाट, दोन कॅमेरे आणि आर्द्रतेची सोय मिळून खर्च पाऊण लाखाच्या आसपास बसवता येईल. तो ठेवीतून नको. गेली चार वर्षे हातात न घेतलेल्या तीन गिटारी आपणच पत्रात सांगितल्या आहेत. त्यांतल्या दोन विकल्या तर बहुतेक रक्कम उभी राहते, आणि संग्रह लहान झाल्याने विमाही थोडा स्वस्त पडतो. वैयक्तिक वापरातील वाद्य ही करकायद्याने भांडवली मालमत्ता धरली जात नाही, म्हणून अशा विक्रीच्या नफ्यावर सहसा कर लागत नाही. मात्र खरेदी-विक्री नियमित होऊ लागली, तर तो व्यवसाय ठरतो.

फॅब्रिकेटरला दिलेले वीस हजार बुडाले असे समजून उरलेले ४ लाख ४० हजार त्यांच्यामागे घालवू नका. माप घेण्यापलीकडे काम सुरू झालेले नाही, असे आपण लिहिले आहे. उद्याच त्यांना फोन करून जिन्याखालच्या खोलीचे काम थांबवायला सांगा आणि ती रक्कम मागच्या ग्रीलच्या दरवाजात व वरच्या कपाटात वळती करून मागा. दोन्ही कामे त्यांच्याच हातची आहेत.