गेम डिझाईनच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधायचा कसा आणि सुरुवात कुठून करायची?

तुम्ही लिहिलंय, शेवटचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतंय, टीम चौघांची आहे आणि शिवकालीन गडांवरचा ओपन वर्ल्ड गेम (खेळणारा हवा तिथे मोकळा फिरू शकतो असा) करायचा आहे. स्पष्टच सांगतो: दोन सेमिस्टरमध्ये तो होत नाही.

मी अमेरिकेत गेम डिझाईनमध्ये मास्टर्स केलं तेव्हा माझ्याही डोक्यात असंच एक खूळ होतं. दुष्काळी गाव, चाळीस घरं, घरोघरी बोलणारी माणसं, टँकरचं राजकारण. वीस पानांचं डॉक्युमेंट लिहिलं होतं. गाईड मॅडमनी दुसऱ्या पानावरच थांबून विचारलं, "खेळणारा दर मिनिटाला नेमकं करतो काय?" "फिरतो, लोकांशी बोलतो" यापुढे माझी गाडी जाईना.

प्रोजेक्ट सापडतो तो याच प्रश्नाच्या उत्तरात. डिजिपेन या अमेरिकेतल्या गेम शिकवणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये 'नार्बॅक्युलर ड्रॉप' हा गेम केला. या भिंतीवर एक दार उघडायचं, त्या भिंतीवर दुसरं, इकडून शिरून तिकडून निघायचं, एवढाच खेळ. त्यातल्या राजकन्येला साधी उडीही मारता येत नाही, म्हणून तिचं नावच बिनगुडघ्यांची राजकन्या! व्हॉल्व्ह या गेम कंपनीने ती टीम नोकरीला घेतली आणि २००७ मध्ये त्याच कल्पनेवरचा 'पोर्टल' आला. तुम्ही म्हणाल, 'आउटर वाइल्ड्स' हा गेमसुद्धा युएससीतल्या (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) विद्यार्थ्याचा थीसिसच होता की, आणि त्यात तर अख्खी सूर्यमाला आहे. आहे. पण तो बाजारात आला २०१९ मध्ये, कॉलेज सुटून वर्षं लोटल्यावर.

मला माझं उत्तर जानेवारीतल्या ग्लोबल गेम जॅममध्ये मिळालं. जॅम म्हणजे ठरावीक थोड्या वेळात गेम करायचा उपक्रम. ४८ तासांत काहीतरी चालतं करून दाखवायचं होतं, त्यामुळे चाळीस घरं आपोआप गळाली. उरली एक मुलगी, डोक्यावर हंडा आणि विहिरीपासून घरापर्यंतची वाट. घाईने वळलं की पाणी हिंदकळतं, सांडतं. मुलगी म्हणजे राखाडी कॅप्सूल आणि हंडा म्हणजे त्यावर ठेवलेला गोळा. सोमवारी वर्गातल्या एकाला खेळायला दिलं. अर्ध्या वाटेवर तो थांबला आणि एकेक बटण दाबून पाहायला लागला. मी गप्प बसून होतो (खेळणाऱ्याला काही सांगायचं नाही, जीव कासावीस होतो, पण पाळा). शेवटी तो म्हणाला, "हा खाली कसा ठेवायचा?" ती सोय मी केलीच नव्हती. केली, आणि मग गेम तिच्यातूनच उभा राहिला: हंडा कुठे टेकवायचा, आणि एकटीने परत डोक्यावर कसा घ्यायचा. एप्रिलमध्ये सगळ्यांची पिचं (आपली कल्पना मांडून दाखवणं) झाली तेव्हा मी स्लाइड जेमतेम चार दाखवल्या, बाकी वेळ हाच तुकडा खेळायला दिला. ॲनिमेशन करणारी आणि साउंडवाला, दोघंही त्यावरूनच टीममध्ये आले.

तेव्हा ऑगस्टच्या आधी दोन-तीन जॅम करून टाका. इच डॉट आयओ या छोट्या गेम्सच्या साइटवर कुठला ना कुठला चालूच असतो. गड सोडायची गरज नाही, पण दर वेळी त्यातली एकच कृती घ्या: अंधारात चोरवाटेने चढणं, दोराने माणसं वर ओढून घेणं, पहारेकऱ्याच्या फेऱ्या मोजणं. ज्या तुकड्याला लोक न सांगता दुसऱ्यांदा हात लावतील तो धरा.

टीमचं म्हणाल तर चौघेही प्रोग्रामर असाल तर एखादा आर्टिस्ट आत्ताच गाठा, पुढे चांगले कुणी उरत नाहीत. आठवड्याला कोण किती तास देणार, हे पहिल्याच दिवशी लिहून काढा. आमचं ते राहिलं. डिसेंबरात एकाला इंटर्नशिप लागली, तो गेला, आणि पाणी हिंदकळवणारा कोड मागे राहिलेल्या कुणालाच उलगडेना. दोन आठवडे त्यातच गेले. गिट (कोडमधले बदल जपून ठेवणारं साधन) पहिल्या दिवसापासून वापरा, आणि युनिटी या गेम इंजिनमध्ये एकच सीन दोघांनी एकाच वेळी बदलायचा नाही. दोघांचे बदल एकत्र (मर्ज) करताना रडकुंडीला याल. युनिटी की गोडो हे दुसरं इंजिन, यावर मात्र भांडत बसू नका. टीममध्ये जास्त जणांना जे येतं ते घ्या.

आणि एक कागद आधीच वाचा: झालेल्या गेमचे हक्क कुणाकडे राहणार? काही संस्था ते स्वतःकडे ठेवतात. पुढे स्टीमवर (गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात) टाकायचं मनात असेल तर पिच द्यायच्या आधीच विभागात विचारा, आणि उत्तर तोंडी नको, ईमेलवर घ्या.