सी-मेकला हवा तोच पायथन कसा सापडेल?

प्रश्न : उबुंटू २२.०४ वर सिस्टीमचा पायथन ३.१० आहे, मी ३.१२ वेगळा टाकलाय. सी++ मधलं माझं मॉड्यूल सी-मेक (बिल्डची तयारी करणारं साधन) वापरून बिनतक्रार बिल्ड होतं, पण ३.१२ मध्ये इंपोर्ट करताच प्रोग्राम कोसळतो.

उत्तर : इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्राम) ३.१२ चा आणि हेडर (सी++ कोडला पायथनची ओळख करून देणाऱ्या फाइली) ३.१० चे, असं झालेलं दिसतंय. या दोन आवृत्त्यांत ऑब्जेक्टची आतली मांडणी सारखी नाही. कंपायलरला ते कळायचा मार्ग नसतो, म्हणून तो गप्प राहतो. तुमच्या सी-मेकच्या फाइलमध्ये बहुधा 'पायथन-लिब्स' (लायब्ररी आणि हेडर शोधणारा) आणि 'पायथन-इंटर्प' (इंटरप्रिटर शोधणारा) असे दोन वेगळे शोध असतील. त्यात इंटर्प आधी लिहिला, तर लिब्स त्याच्या आवृत्तीशी जुळवून घेतो. उलट लिहिलं की दोघांची फारकत होऊ शकते. ओळींच्या क्रमावर विसंबलेलं बिल्ड मला मुळीच पटत नाही. सी-मेक ३.१२ पासून 'पायथन३' हा शोध मिळतो. (आवृत्तीचा आकडा तुमच्या पायथनसारखाच आहे, तो निव्वळ योगायोग.) त्यात इंटरप्रिटर आणि डेव्हलपमेंट (हेडर आणि लायब्ररी) हे घटक एकाच फाइंड-पॅकेज आज्ञेत मागा. दोन ओळींत तोडून मागितलेत, तर जुळणीची खात्री गेली. जुने दोन्ही शोध तेव्हापासूनच कालबाह्य आहेत आणि सी-मेक ३.२७ च्या पॉलिसीनुसार (नवी वागणूक ठरवणाऱ्या नियमानुसार) ते काढूनच टाकले आहेत.

प्रश्न : व्हर्च्युअल एन्व्ह (प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) चालू असूनही सिस्टीमचाच पायथन सापडतो.

उत्तर : आधी बिल्ड फोल्डरमधली कॅशे फाइल उडवा. पहिल्यांदा सापडलेला पत्ता तिथे टिकून राहतो, मग तुम्ही एन्व्ह कितीही बदला. सी-मेक ३.२४ पासून 'फ्रेश' हा पर्याय हेच काम करतो. तरीही जमलं नाही, तर 'पायथन३_एक्झिक्युटेबल' या व्हेरिएबलमध्ये एन्व्हमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता द्या. हेडर मात्र मूळ पायथनच्या फोल्डरमधले दिसतील. घाबरू नका, एन्व्हमध्ये त्यांची वेगळी प्रत नसते.

प्रश्न : मेनीलिनक्सच्या (अनेक लिनक्सवर चालतील अशी पायथन पॅकेजं बनवायच्या) डॉकर इमेजमध्ये 'डेव्हलपमेंट' सापडतच नाही.

उत्तर : त्या इमेजमध्ये लिबपायथन (पायथनची लायब्ररी) मुद्दामच ठेवलेली नाही. एक्स्टेंशन मॉड्यूलला (पायथनमध्ये इंपोर्ट होणाऱ्या सी++ मॉड्यूलला) ती लागत नाही, हेडर पुरतात. सी-मेक ३.१८ पासून 'डेव्हलपमेंट.मॉड्यूल' एवढाच घटक मागता येतो, तोच मागा. पूर्ण लायब्ररी लागते ती स्वतःच्या प्रोग्रामच्या पोटात पायथन बसवायचा असेल तेव्हा.