लाल कुठल्या बाजूला, हिरवा कुठल्या?

प्रश्न: माझी १८ फुटी फायबरची होडी आहे, २५ एचपीचं आउटबोर्ड. धंदा नाही हो, हौस म्हणून गरवायला (गळाने मासे धरायला) जातो आणि दाभोळच्या खाडीतून परत येता येता बऱ्याचदा काळोख होतो. भाच्याने गणपतीत आणलेली लाल-हिरवी एलईडी पट्टी होडीभोवती लावून दिलीय, लांबून मस्त दिसते. पण परवा फेरीबोटीवरचा एकजण ओरडला, "दिवे नीट लाव!" एवढे दिवे असून अजून काय लावायचं?
— एक वाचक, दाभोळ

उत्तर: ओरडला ते बरं केलं त्याने. होडीवरचे दिवे आपल्याला दिसावं म्हणून नसतात, आपलं तोंड कुठे आहे ते समोरच्याला कळावं म्हणून असतात, आणि तुमची पट्टी चारी बाजूंनी सगळे रंग दाखवते म्हणजे त्याला काहीच कळत नाही.

१९७२ चे आंतरराष्ट्रीय सागरी नियम आहेत, त्यात हौशी होडीला वेगळी सूट नाही, सूट आहे ती लांबीवर. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत दिवे लागलेच पाहिजेत, आणि दिवसा धुकं किंवा पावसाची जोराची सर आली तरीसुद्धा. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून बसलात की डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा. हे दोन्ही सरळ समोरून आपापल्या बाजूला ११२.५ अंशांपर्यंतच दिसायचे, मागून अजिबात नाही. १२ मीटरच्या आतल्या यांत्रिक होडीला यांच्या जोडीला चहूकडून दिसणारा एक पांढरा दिवा चालतो, तो या दोघांपेक्षा निदान १ मीटर उंच हवा. तो २ सागरी मैलांवरून (सुमारे ३.७ किलोमीटर) दिसला पाहिजे, लाल-हिरवा १ सागरी मैलावरून.

आता जेट्टीवर तुम्हाला कोणीतरी सांगेल की ७ मीटरच्या आत असलं की एक पांढरा दिवा पुरे. अर्धंच खरं आहे ते. होडीचा जास्तीत जास्त वेग ७ नॉटच्या आत, म्हणजे ताशी १३ किलोमीटरच्या आसपास असेल तरच ती सवलत. तुमची होडी साडेपाच मीटरची आहे खरी, पण २५ एचपीवर एवढ्या होडीला ७ नॉट म्हणजे काहीच नाही, आणि "मी हळूच चालवतो" हे इथे चालत नाही, होडी किती पळू शकते ते बघतात. शिडाच्या होडीचे दिवे वेगळे, पण शीड असलं तरी इंजिन सुरू केलंत की ती यांत्रिकच धरतात.

रंग वाचायलाही शिका, नुसते लावून काय उपयोग. लाल, हिरवा, पांढरा तिन्ही एकदम दिसले तर समोरचा थेट तुमच्या अंगावर येतोय, दोघांनीही उजवीकडे वळायचं. उजवीकडून एखादी यांत्रिक बोट आडवी येतेय आणि तिचा लाल दिसतोय, तर थांबायचं तुम्ही. नुसता पांढरा दिसला तर तो पुढे चाललाय नाहीतर नांगर टाकून बसलाय. हिरव्याखाली पांढरा असे उभे दोन दिसले तर तो ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत चाललेली मासेमारी बोट; लांबून जा, मागे जाळं असतं.

पांढरा दिवा डोळ्यांसमोर नको हं, बरेचजण तिथेच लावतात आणि मग काळोखात स्वतःलाच काही दिसत नाही. मागे खांबावर उंच लावा. वायरिंगला फ्यूज घाला, खाऱ्या हवेत जोड लवकर सडतात, आणि एक चार्ज केलेला टॉर्च कायम हाताशी ठेवा.

लावून झालं की एका संध्याकाळी भाच्याला जेट्टीवर उभा करा आणि होडी त्याच्यासमोर सावकाश एक पूर्ण गोल फिरवा. पाठ त्याच्याकडे असताना त्याला लाल किंवा हिरवा दिसला तर दिवा चुकीचा बसलाय. पट्टी पुढच्या गणपतीसाठी ठेवून द्या.