सभेत बोलतं कोण?

वाचकांचे प्रश्न

या वेळी लहान, स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांविषयीची चार पत्रं घेतली आहेत. अशाच एका शाळेत मी सव्वीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. पटावर नव्वदच्या वर मुलं कधीच नव्हती. जे सांगते आहे ते तिथे पाहिलेलं, आणि बरंचसं तिथे चुकून शिकलेलं.

प्रश्न : आमच्या शाळेत ८४ मुलं आहेत. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला अख्खी शाळा एकत्र बसते. शाळा सुरू झाल्यापासूनची ही पद्धत. पण हल्ली मोठी मुलं मागे भिंतीला टेकून बसतात, लहानांची चुळबुळ चालते आणि तास कधी संपतो याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. शिक्षकांत दोन तट पडले आहेत. काही म्हणतात सभा बंद करा, काही म्हणतात शिस्त कडक करा. तुम्ही काय केलं असतं?
(एक शिक्षिका)

उत्तर : येत्या शुक्रवारी तुम्हीही मागे, भिंतीजवळ बसा. हातात घड्याळ आणि कागद घ्या आणि कोण किती मिनिटं बोललं एवढंच टिपून ठेवा. मी हे केलं होतं. चाळीस मिनिटांच्या सभेत एकतीस मिनिटं आम्ही मोठी माणसं बोलत होतो. सूचना, कौतुक, परत सूचना. उरलेल्या नवातली पाच मिनिटं एका पाठ केलेल्या भाषणात गेली. कागद बघून मला वाईट वाटलं, कारण मुलांच्या कंटाळ्याबद्दल मी महिनाभर वर्गावर्गात जाऊन बोलत होते.

इंग्लंडमध्ये समरहिल नावाची शाळा आहे. ए. एस. नील यांनी ती १९२१ मध्ये सुरू केली आणि १९२७ पासून ती सफकमधल्या लेस्टन इथे आहे. तिथल्या सभेत शाळेतल्या लहानात लहान मुलाला एक मत आणि खुद्द नील यांनाही एकच होतं. १९९९ मध्ये सरकारी तपासणीनंतर शाळेवर नोटीस आली, शाळेने अपील केलं आणि मार्च २००० मध्ये लंडनला सुनावणी झाली. सरकारी बाजूने तडजोडीचा मसुदा पुढे आला. तो मान्य करायचा की नाही, हे मुलांनी त्या न्यायदालनातच सभा भरवून, चर्चा करून, मतं घेऊन ठरवलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. एवढ्या मोठ्या दिवशी ती मुलं नेहमीसारखीच वागू शकली, कारण एरवीच्या दिवसांतही त्यांच्या सभेपुढे खरेच प्रश्न येत होते.

तुमच्या सभेपुढे खरा प्रश्न शेवटचा कधी आला होता, ते आठवून बघा. मैदान कुणाला कधी मिळणार, मोडलेल्या वस्तूंपैकी आधी काय दुरुस्त करायचं, वाचनालयात बोलायचं की नाही, असे तीन-चार विषय पूर्णपणे सभेच्या हाती द्या. पूर्णपणे म्हणजे निर्णय तुम्हाला आवडला नाही तरी पाळायचा. जे सभेच्या हातात नाही तेही पहिल्याच दिवशी सांगून टाका. सुरक्षितता, शिक्षकांच्या नेमणुका, पैशांचे मोठे व्यवहार ही मोठ्यांची जबाबदारी, आणि समरहिलमध्येही नील यांनी असे विषय स्वतःकडेच ठेवले होते. मुलांना मर्यादा समजते. आधी विचारायचं आणि नंतर हळूच फिरवायचं, हे मात्र त्यांना सहन होत नाही, आणि का व्हावं?

दुसरं असं की सभेचे नियम मोठ्यांनाही लागू हवेत. पोलंडमधले डॉक्टर आणि शिक्षक यानुश कोर्चाक यांच्या वॉर्सामधल्या अनाथालयात मुलांचं न्यायालय होतं. त्यात मुलं मोठ्यांवरही तक्रार करू शकत आणि कोर्चाक स्वतःही त्या न्यायालयापुढे उभे राहिले होते. आमच्याकडे न्यायालय नव्हतं, पण तक्रारीची चिठ्ठी माझ्या नावाने आली तर मी खुर्चीवरून उठून मुलांमध्ये खाली बसायचे. पहिल्यांदा जड गेलं.

आम्ही सभा बदलली त्या वर्षीचा एक शुक्रवार सांगते. अध्यक्ष होती अकरा वर्षांची एक मुलगी. पेटीतून तिने चिठ्ठी काढली, ‘मला सगळे छोटू म्हणतात. ते माझं नाव नाही.’ चिठ्ठी लिहिणारा सात वर्षांचा होता आणि तो पुढेच मांडी घालून बसला होता. मोठ्या मुलांपैकी एक जण म्हणाला, आम्ही प्रेमाने म्हणतो. अध्यक्ष मुलीने त्या लहानग्यालाच विचारलं, तुला कसं वाटतं? तो काही बोलला नाही. ती थांबली. मला मध्ये बोलायची इतकी घाई झाली होती की मी हाताची घडी घट्ट दाबून धरली. बऱ्याच वेळाने तो उभा राहिला आणि त्याने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ठराव झाला. वहीत लिहिणाऱ्या मुलीने नाव लिहिलं, तेव्हा तो तिच्या खांद्यावरून बघत होता. वेलांटी चुकली होती. त्याने पेन मागून घेतलं आणि पहिलीची दुसरी करून तो जागेवर येऊन बसला.

ती वही मी अजून मधूनमधून उघडते.

सुरुवातीच्या चार-पाच सभा विस्कळीत होतील. एकाच विषयावर तासभर वाद होईल, निर्णय होणार नाही. शिक्षकांतले काही म्हणतील, बघा, सांगितलं नव्हतं का. तेवढे आठवडे तुम्हाला तग धरावा लागेल. आणि दर आठवड्याला सगळ्यांनी बोललंच पाहिजे असंही नाही. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या शाळेत ‘अस्ताचल’ म्हणून संध्याकाळची वेळ असते. मुलं एकत्र बसून सूर्य मावळताना नुसती बघतात, गप्प. एकत्र असण्याचा तोही एक प्रकार आहे आणि बुजऱ्या मुलांना तो जवळचा वाटतो.

प्रश्न : मी माझ्या शाळेतून बाहेर पडलो त्याला सतरा वर्षं झाली. आमच्या वेळी नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात सगळ्या शाळेसमोर बाकावर उभं करून गाणं म्हणायला लावत. चुकलं की सगळे ओरडायचे, मग टाळ्या. त्यातूनच आमच्यात एकी आली. नव्या मुख्याध्यापकांनी हे बंद केलं आणि आम्ही माजी विद्यार्थी नाराज आहोत. त्यांना पत्र लिहावं का?
(एक माजी विद्यार्थी)

उत्तर : लिहा, पण आभाराचं.

तुमच्या आठवणी खऱ्या आहेत, त्यांच्यावर मी बोट ठेवत नाही. तुम्ही त्या बाकावरून खाली उतरलात आणि टाळ्यांत सामील झालात. जे उतरून कायमचे गप्प झाले, ते माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला येत नाहीत, म्हणून त्यांची बाजू तुमच्या कानावर आलेली नाही. आमच्या शाळेतही असाच एक प्रकार सहा वर्षं चालला होता आणि मीही टाळ्या वाजवल्या आहेत. मग एक मुलगी दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस आलीच नाही. मी घरी गेले तेव्हा ती दप्तर भरून, बूट घालून दारात बसलेली होती. आई म्हणाली, रोज अशीच तयार होते आणि मग उठत नाही. प्रथा त्या आठवड्यात थांबवली. सहा वर्षं उशिरा थांबवली, याची खंत आहे.

स्वागताचं ओझं नव्या मुलावर का टाकायचं? १९१९ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला रुडॉल्फ श्टायनर यांच्या शिक्षणविचारावर चालणारी पहिली वॉल्डॉर्फ शाळा निघाली. आज तशा शाळा जगभर आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ शाळांत पहिलीच्या मुलांना पहिल्या दिवशी मोठ्या वर्गातली मुलं फूल देतात. धडधड व्हायची तर फूल देणाऱ्याची होऊ दे. तुमच्या मनात शाळेबद्दल एवढी माया आहे, तर नव्या मुलांसाठी जुन्यांनी काय करावं हे सुचवणारं पत्र लिहा. तुम्ही गायला तयार असाल तर तेही कळवा.

प्रश्न : मुलीची शाळा ४६ मुलांची आहे. महिन्यातून एका शनिवारी पालकांनी येऊन साफसफाई, रंगकाम, बागकाम करायचं असतं. आम्ही दोघंही शनिवारी कामावर असतो. न येणाऱ्यांकडे बघण्याची नजर आता बोचायला लागली आहे. शाळा मात्र मनापासून आवडते.
(एक आई)

उत्तर : नजरेबद्दल आधी शिक्षकांशी बोला, समोरासमोर. त्यांना बहुतेक हे माहीतच नसेल. एवढ्या लहान शाळेत पालकांच्या हातांशिवाय भागत नाही, हे खरं. पण शनिवारी सकाळी मोकळं असणं ही प्रत्येकाच्या हातातली गोष्ट नाही. घरी करता येण्याजोगी कामं शाळेत ढिगाने असतात. फाटलेल्या पुस्तकांची बांधणी, पडद्यांना टीप मारणं, हिशेब तपासणं, नव्या पालकांना फोन करून माहिती देणं. एक काम मागून घ्या आणि त्याची जबाबदारी वर्षभरासाठी स्वतःकडे ठेवा. शाळेलाही माझं सांगणं आहे की हजेरीचा कागद फळ्यावर लावू नका. आमच्याकडे तो लागायचा. मुलं त्यात आपापल्या आईवडिलांचं नाव शोधायची, ते पाहिलं आणि मी तो काढून टाकला.

प्रश्न : यंदा आमच्या शेवटच्या वर्गात एकच मुलगी आहे. दरवर्षी निरोपाचा कार्यक्रम होतो, पण एकीसाठी सगळं करायचं म्हणजे तिलाच अवघडल्यासारखं होईल, असं काही जणांना वाटतं. ती काही बोलत नाही.
(एक मुख्याध्यापक)

उत्तर : करा. एक गोष्टही कमी करू नका. दरवर्षी पंधरा जणांत वाटली जाणारी वेळ यंदा तिच्या एकटीची आहे. भाषणं मात्र नकोत, त्यानेच अवघडायला होतं. तिला विचारा, तुझ्याकडे शाळेतलं कोणतं काम होतं आणि ते कुणाला देऊन जायचं आहे? बहुतेक ती लगेच बोलेल.

आमच्याकडेही एका वर्षी एकच मुलगा होता. चार वर्षं घंटा त्याच्याकडे होती. ती त्याने दुसरीतल्या एका मुलीला द्यायची ठरवली. आम्ही म्हटलं, अरे, तिचा हात दोरीला पोचत नाही. त्या दिवशी सगळी शाळा अंगणात उभी होती. त्याने शेवटची घंटा दिली, मग खिशातून दोरीचा तुकडा काढला, जुन्या दोरीला गाठ मारून जोडला आणि तिच्या हातात दिला. तिने दोनदा ओढून बघितलं. गाठ सुटली. दोघांनी मिळून ती पुन्हा बांधली, तोवर सगळे थांबले.