रॉकेलवर ड्रोन? आधी तास सांगा

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले चौघं मिळून पंखवाला ड्रोन बनवतोय, ५० सीसी पेट्रोल टू-स्ट्रोक इंजिन आहे. सर म्हणतात सैन्याला पेट्रोल नको, डिझेल नाहीतर जेट फ्युएलवर चालणारं हवं. कार्ब्युरेटरमधून सरळ रॉकेल सोडलं तर? की छोटं डिझेलच बनवावं?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चालेल, पण तापल्यावर आणि कुरकुरत. मोहोळकडे मामाच्या विहिरीवर तसला पंप होता, पेट्रोलवर चालू करायचा, तापला की कॉक फिरवून रॉकेलवर टाकायचा, आणि घाई केली की धूर सोडून बंद, मग बसा प्लग पुसत. रॉकेलची वाफ लवकर होत नाही ना, आणि जेट फ्युएल म्हणजे शेवटी रॉकेलच. जेट फ्युएलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, किमान ३८ अंश, पेट्रोलचा उणे ४० च्या आसपास, म्हणून तर जहाजावर पेट्रोलचे कॅन कुणालाच नको असतात. वर रॉकेलचं ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची ताकद, कमी, लोड आला की इंजिन ठोकायला लागतं, मग कॉम्प्रेशन, म्हणजे हवा किती पट दाबायची ते, उतरवा, म्हणजे ताकद गेली.

डिझेल करायचं तर प्लग नाही, दाबून तापलेल्या हवेवरच पेटायचं, म्हणून कॉम्प्रेशन १५ च्या पुढे, सगळं जाडजूड. त्यात तुमचा सिलिंडर एवढासा, उष्णता भिंतीच खाऊन टाकतात. आणि इंजेक्टर? मी हिशोब केला, दोन-सव्वादोन किलोवॅटला एका फेऱ्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम इंधन, म्हणजे मोहरीचा एक दाणा, तोही मिनिटाला सहा हजार वेळा!

म्हणून आधी किती तास उडायचंय ते ठरवा. टू-स्ट्रोक पेट्रोल किलोवॅट-तासाला ४५० ग्रॅम पितं धरा, चांगलं डिझेल २५०. तुमचे दोन किलोवॅट, दोन तास, वाचले ८०० ग्रॅम, इंजिनचं वजन त्याहून जास्त वाढेल. तेच ६० किलोवॅटवर १८ तास काढायचे तर दोनशे किलोच्या वर वाचतं, अमेरिकेच्या ग्रे ईगल या लष्करी ड्रोनला मर्सिडीज कारच्या डिझेलवरून केलेलं इंजिन उगाच नाही बसवलं.

तुम्ही मधला रस्ता धरा, प्लग तसाच ठेवा आणि दाबाच्या हवेबरोबर इंधन थेट सिलिंडरमध्ये धुक्यासारखं मारा. कार्ब्युरेटर विसरा. फक्त ट्रायल मे महिन्यात घेऊ नका, आपल्याकडे ४२ अंशात रॉकेल आधीच फ्लॅश पॉइंटच्या आसपास पोचलेलं असतं, पहिल्या झटक्यात चालू होईल आणि तुम्ही पेढे वाटाल. डिसेंबरात पहाटे सहाला गच्चीवर घ्या.